भाकरीतून अ जीवनसत्त्व: कुठवर आलंय, कुठे अडलंय

जत, कवठेमहांकाळ, आटपाडी किंवा साताऱ्याकडचे माण आणि खटाव. या पट्ट्यातल्या लहान मुलाच्या ताटात उन्हाळ्यात काय असतं ते आठवून पाहा. शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी, डाळीचं कालवण, शेंगदाण्याची चटणी, असलं तर ताक. पोट भरतं. ज्वारीतून ऊर्जा मिळते, डाळीतून प्रथिनं मिळतात, बाजरीतून थोडंफार लोहही मिळतं. पण अ जीवनसत्त्व या ताटात जवळपास नसतंच. मेथी, चाकवत, करडईची भाजी थंडीत मुबलक मिळते. मार्च संपला की विहिरी तळ गाठतात आणि पालेभाजीची जुडी परवडेनाशी होते. भाकरी मात्र बारा महिने, तिन्ही त्रिकाळ असते.

मग हे जीवनसत्त्व भाकरीच्या पिठातच का आणू नये? गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे पीक-शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले आहेत. कारखान्यात पिठात पावडर मिसळण्याचा हा प्रकार नाही. शेतात उभ्या पिकाच्या दाण्यातच किंवा कंदातच ते तयार व्हावं, असं वाण पैदास करायचं. अशा वाणांना आपल्याकडे जैवसंपृक्त वाण म्हणतात.

आधी या कमतरतेनं होतं काय ते पाहू. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशी अंधुक उजेडात काम करतात त्यांना ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य लागतं, आणि ते अ जीवनसत्त्वाशिवाय बनत नाही. म्हणून पहिलं लक्षण रातांधळेपणाचं. दिवसभर हुंदडणारं मूल दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळतं, ताटातली वाटी चाचपडतं. त्यानंतर बुबुळाच्या कडेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा राखाडी-पांढरा डाग दिसू लागतो. त्याला बिटॉटचा डाग म्हणतात. तरीही दुर्लक्ष झालं तर बुबुळ कोरडं पडतं, मऊ होऊन फाटतं आणि गेलेली नजर परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख मुलांची दृष्टी या एका कारणानं जाते, आणि त्यातली जवळजवळ निम्मी मुलं वर्षभरात दगावतात.

दगावतात, कारण हे जीवनसत्त्व फक्त डोळ्याचं नाही. आतड्याचं, श्वासनलिकेचं अस्तर धड राहायला आणि रोगांशी झुंजायलाही ते लागतं. ते कमी पडलं की साधी हगवण आणि गोवरही जिवावर बेततात. आल्फ्रेड सॉमर या अमेरिकन डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या आचे प्रांतात केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या अंतरानं अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. १९९० साली तामिळनाडूतल्या अभ्यासात दर आठवड्याला अगदी थोडी मात्रा दिली, तेव्हा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ते नारिंगी औषध आपल्याकडे आजही दिलं जातं. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे एकूण नऊ डोस. ते चुकवू नका, हे मी आग्रहानं सांगेन. बुबुळ फाटून आंधळी झालेली मुलं आपल्या भागात आता सहसा दिसत नाहीत, याचं श्रेय गोवरच्या लसीबरोबर या डोसालाही आहे. तरी २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के मुलांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळलं. डोस पाच वर्षांनी थांबतो आणि त्याचा असर काही महिनेच टिकतो. रोजच्या जेवणाची जागा त्यानं भरून निघत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडच्या एका आजींनी मला विचारलं होतं, "हळद तर रोजच पडती की बाळा कालवणात, चांगली पिवळीधमक. मग पोराला कमी कसं पडंल?" सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. गाजर, पपई, आंबा खा, डोळे चांगले राहतात, असं आपण ऐकत आलो. त्यातून पिवळं-नारिंगी ते सगळं अ जीवनसत्त्वाचं, अशी समजूत होते. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याचे गुण वेगळे आहेत, पण त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही. बन्सी गव्हाच्या रव्याचा पिवळेपणा ल्युटीनचा, त्याचंही होत नाही. टोमॅटोचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा, त्याचंही नाही.

खरं अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं: दूध, तूप, अंडी, काळीज. आणि त्याला डोळ्यांत भरेल असा रंग नसतो. पंढरपुरी म्हशीचं दूध पांढरंशुभ्र असतं, गाईचं पिवळसर. त्यावरून गाईच्या दुधातच डोळ्यांचं औषध आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याचं रेटिनॉल करून ते दुधात उतरवते. गाईकडून थोडं कॅरोटीन तसंच दुधात येतं, म्हणून ते पिवळं दिसतं. अंड्याच्या बलकाचंही तसंच. गावरान अंड्याचा बलक गडद असतो तो मुख्यतः ल्युटीन आणि त्याच्या भाऊबंदांमुळे.

वनस्पतींत असतं ते रेटिनॉलचं कच्चं रूप, त्यातलं सर्वांत कामाचं बीटा कॅरोटीन. आपल्या आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) या रेणूला बरोबर मधोमध तोडतं आणि दोन्ही तुकड्यांचं रेटिनॉल होऊ शकतं. अल्फा कॅरोटीन आणि बीटा क्रिप्टोझँथिन यांचा एकच तुकडा उपयोगी पडतो. ल्युटीन आणि झिआझँथिन यांचा एकही नाही. तेव्हा पिकाच्या दाण्यात किती रंग आहे हे विचारून उपयोग नाही, कोणता रेणू आहे ते विचारायला हवं. वाणसुधारणेची सगळी लढाई इथेच आहे.

मका घ्या. आपल्याकडचा बहुतेक संकरित मका पिवळाधमक असतो. तरीही त्याच्या एका ग्रॅम दाण्यात अ जीवनसत्त्वाच्या कामाचं कॅरोटीन जेमतेम एक ते दोन मायक्रोग्रॅम भरतं. बाकीचा पिवळा रंग ल्युटीन आणि झिआझँथिनचा. हे का होतं ते समजायला टेंभूच्या कालव्यासारखा एक कालवा डोळ्यांपुढे आणा. दाण्याच्या आत रंगद्रव्यं तयार होण्याची रांग तशीच वाहते. वरून लायकोपीन येतं. पुढे एक फाटा आहे. एका चारीनं गेलेलं लायकोपीन शेवटी ल्युटीन होतं, दुसऱ्या चारीनं गेलेलं बीटा कॅरोटीन होतं. पण बीटा कॅरोटीनच्या चारीलाही खाली आणखी एक दार आहे. ते उघडं असलं की साठलेलं बीटा कॅरोटीन पुढे झिआझँथिन होऊन निघून जातं. साध्या मक्यात दोन्ही दारं सताड उघडी असतात, त्यामुळे आपल्याला हवं ते मधे थांबतच नाही.

शास्त्रज्ञांनी ही दोन दारं, म्हणजे ती जनुकं, हुडकून काढली. एकाचं नाव एलसीवाय-ई, दुसऱ्याचं सीआरटी-आरबी-१. पहिल्याचा शोध २००८ साली प्रसिद्ध झाला, दुसऱ्याचा २०१० साली. जगभरातल्या मक्याच्या काही वाणांत निसर्गतःच या जनुकांची मंद रूपं होती, म्हणजे दार अर्धवट मिटलेलं. ती रूपं असलेला मका आणि आपला भरघोस येणारा मका यांचा संकर करायचा. मग येणारी पिढी पुन्हा पुन्हा आपल्या मक्याशी जोडत जायची. उत्पादन, उंची, पक्व होण्याचा काळ आपल्याच मक्याचा राहतो, बदलतात फक्त ती दोन जनुकं. यात बाहेरच्या कुठल्याही जीवाचं जनुक घातलेलं नाही. जनुकबदल बियाण्याच्या वादाशी या मक्याचा संबंध नाही, हे ठासून सांगायला हवं, कारण नवं वाण म्हटलं की पहिली शंका तीच निघते.

पूर्वी या कामाला फार वेळ लागायचा. प्रत्येक पिढीत कणीस येईपर्यंत थांबा, दाणे प्रयोगशाळेत तपासा, मग ठरवा. आता रोप दोन-तीन आठवड्यांचं झालं की पानाचा नखाएवढा तुकडा तोडून घेतात. त्यातला डीएनए काढून हवं ते जनुक आलंय का ते पाहतात. नसेल तर ते रोप तिथेच उपटून टाकतात. शंभरांतली हवी तेवढीच रोपं पुढे वाढवायची. ना चार महिने थांबणं, ना जमीन अडकवणं.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं याच रीतीनं 'पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित' हे संकरित वाण तयार केलं. मूळ 'विवेक क्यूपीएम ९' अल्मोड्याच्या संस्थेचं. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही प्रथिनांतली महत्त्वाची आम्लं आधीच जास्त होती. सुधारित वाण २०१७ साली आलं. त्याच्या एका ग्रॅममध्ये ८.१५ मायक्रोग्रॅम कामाचं कॅरोटीन आहे, म्हणजे साध्या मक्याच्या चार ते आठ पट. खरिपासाठी शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. २०२० साली 'पुसा एचक्यूपीएम ५ सुधारित' आणि 'पुसा एचक्यूपीएम ७ सुधारित' ही वाणं आली. त्यांच्यात हे प्रमाण अनुक्रमे ६.७७ आणि ७.१० मायक्रोग्रॅम आहे.

आठ पट म्हटलं की कान टवकारतात. पण थांबा, मुलाच्या पोटात किती जातं त्याचा हिशेब मांडू. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मायक्रोग्रॅम रेटिनॉल लागतं. या मक्याचं १०० ग्रॅम पीठ, म्हणजे दीड भाकरी, घेतलं तर त्यात ८१५ मायक्रोग्रॅम कॅरोटीन. तव्यावर आणि चुलीच्या निखाऱ्यांवर चौथा हिस्सा गेला असं धरलं तर राहिलं सहाशेच्या आसपास. कॅरोटीन जेवढं खाल्लं तेवढं रेटिनॉल कधीच होत नाही. मिश्र आहारात बारा भाग बीटा कॅरोटीनला एक भाग रेटिनॉल, असं प्रमाण सामान्यपणे धरतात. मक्यातून ते अधिक चांगलं, सहा-सातला एक एवढं होतं असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे दीड भाकरीतून मिळालं ५० ते १०० मायक्रोग्रॅम. दिवसाच्या गरजेचा दहावा ते चौथा हिस्सा. हे नगण्य नाही, कारण ते रोज मिळतं आणि त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. पण या मक्याच्या एका भाकरीनं सगळं भागतं असं कुणी म्हणालं तर ते खोटं. जागतिक पातळीवर मक्यासाठी ठरवलेलं लक्ष्य ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आहे.

झांबियात मका हेच लोकांचं रोजचं मुख्य अन्न आहे. तिथल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांना बीटा कॅरोटीन जास्त असलेला नारिंगी मका खाऊ घालून चाचणी झाली. त्यांच्या रक्तातल्या रेटिनॉलच्या पातळीत फरक दिसला नाही. मात्र ज्या मुलांत कमतरता होती, त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागल्या. मला हा निकाल आशादायक वाटतो, आणि मोठमोठे दावे करण्यापासून रोखणाराही.

आपल्याकडे दुसरी अडचण आहे. सातारा-सांगलीत मका पिकतो भरपूर, पण जातो मुरघासाला, पोल्ट्रीला आणि स्टार्चच्या कारखान्याला. माणसाच्या वाट्याला येतं ते पावसाळ्यातलं भाजलेलं कणीस. पोल्ट्रीच्या खाद्यात अ जीवनसत्त्व तसंही बाहेरून मिसळतात. तेव्हा हे बियाणं लावलं आणि मका व्यापाऱ्याला घातला, तर मुलाला त्याचा काही उपयोग नाही. घरच्या खाण्यापुरतं दोन-चार गुंठे वेगळं लावावं. ज्वारीच्या दळणात तिसरा-चौथा हिस्सा हा मका घालावा. हा मार्ग मला शक्यतेतला वाटतो. मात्र शेजारच्या साध्या मक्याचे परागकण वाऱ्यानं येतात आणि दाण्याचा गुण उतरतो. म्हणून अंतर ठेवायचं किंवा पेरणी मागेपुढे करायची. शिवाय वाण संकरित आहे, घरचं बी पुढच्या वर्षी चालणार नाही.

साठवणीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅरोटीनला हवा आणि ऊन सोसत नाही. दाणा कणगीत नाहीतर पोत्यात पडून राहिला की पहिल्या काही महिन्यांतच ते झपाट्यानं घटतं, सहा महिन्यांत निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. पीठ करून ठेवलं तर आणखी लवकर. म्हणून कणसं सावलीत वाळवा, हवा कमी शिरेल अशा डब्यात किंवा पिशवीत दाणे ठेवा आणि दळण थोडं थोडं करा.

ज्वारीचं काय? आमच्या भागात हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला जायला हवा, कारण इथलं मुख्य अन्न शाळू. लोहाच्या बाबतीत आपण पुढे गेलोय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संस्थेबरोबर 'धनशक्ती' ही जास्त लोहाची बाजरी दिली. परभणीच्या विद्यापीठानं २०१८ साली लोह-जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी दिली. पण अ जीवनसत्त्वाची ज्वारी शेतकऱ्याच्या हातात अजून आलेली नाही. पिवळसर दाण्याची ज्वारी जगात आहे, पण तिच्यातलं बीटा कॅरोटीन इतकं थोडं की नुसत्या संकरानं वाढवत न्यायला आधारच मिळत नाही. आफ्रिकेसाठी प्रयोगशाळेत जनुकबदल ज्वारी तयार केली गेली, तेव्हा तिथेही साठवणीचाच घोळ निघाला. दाण्यातलं निम्मं बीटा कॅरोटीन चार आठवड्यांच्या आत उडून जायचं. मग त्याच दाण्यात ई जीवनसत्त्व वाढवणारं जनुक घातलं. ई जीवनसत्त्व हवेतल्या प्राणवायूचा मार स्वतः झेलतं, त्यामुळे तोच काळ सरासरी दहा आठवड्यांवर गेला. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचा असतो. त्या हिशेबात दहा आठवडेही तोकडेच.

भाताची गोष्ट सगळ्यात गाजली. पाटण-जावळीकडे भात खाणाऱ्यांनाही ती माहीत असावी. भाताच्या हिरव्या पानात बीटा कॅरोटीन असतं, पण आपण खातो त्या तांदळात ती रांग सुरूच होत नाही. म्हणून साध्या संकरानं काही साधण्यासारखं नव्हतं. झुरिकचे इंगो पॉट्रिकस आणि फ्रायबुर्गचे पीटर बेयर यांनी डॅफोडिल या फुलाचं आणि एका जिवाणूचं जनुक घालून पिवळा तांदूळ तयार केला. ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. ग्रॅमला १.६ मायक्रोग्रॅम एवढंच कॅरोटीन त्यात होतं. २००५ साली डॅफोडिलऐवजी मक्याचं जनुक वापरल्यावर आकडा ३७ पर्यंत गेला. फिलिपिन्सनं २०२१ साली या सोनेरी तांदळाच्या लागवडीला परवानगी दिली, २०२४ साली तिथल्या अपील न्यायालयानं ती थांबवली. भारतात त्याला लागवडीची परवानगी नाही. या तांदळावर दोन्ही बाजूंनी इतकं भांडण झालं की मक्यासारखी, रताळ्यासारखी बिनवादाची पिकं बातम्यांतून मागेच पडली, याची मला खरोखर खंत वाटते.

आणि रताळं हेच या सगळ्यातलं सर्वांत खणखणीत यश आहे. आपल्या बाजारात आषाढीला, महाशिवरात्रीला जे रताळं येतं ते बाहेरून गुलाबी-लाल आणि आतून पांढरं. त्यात बीटा कॅरोटीन नावापुरतं. आतून गाजरासारखं नारिंगी असणारं रताळंही असतं, आणि तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेनं २०१७ साली दिलेलं 'भू सोना' हे वाण तसंच आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम नव्हे. म्हणजे १४,००० मायक्रोग्रॅम. मघाचा हिशेब इथे लावून पाहा. उकडताना पाचवा हिस्सा गेला तरी अकरा हजार उरले. बाराला एक या कडक मापानं धरलं तरी नऊशेच्या वर रेटिनॉल. मुलाच्या दिवसभराच्या गरजेला उकडलेल्या रताळ्याच्या दोन-तीन जाड फोडी पुरतात. मक्याच्या भाकरीला जे जमत नाही ते हा कंद सहज करतो.

रताळ्यातलं कॅरोटीन पालेभाजीतल्यापेक्षा अंगीही चांगलं लागतं. पानात ते पेशींच्या आत घट्ट अडकलेलं असतं. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी यांत आकडा मोठा असला तरी त्यातला थोडाच भाग आतड्यात सुटतो. म्हणून पालेभाजी सोडा असं मुळीच नाही, तिच्यातलं लोह, फोलेट कुठलं रताळं देणार? पण दोन्हींबरोबर तेल-तूप हवं. कॅरोटीन स्निग्ध पदार्थातच विरघळतं. जेवणात चमचाभर तेलही पुरतं. आपला रताळ्याचा कीस पाहा: तुपाची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. याहून चांगली जोडी पोषणतज्ज्ञही सुचवणार नाही. फक्त तो उपवासापुरता न राहता मुलांच्या रोजच्या खाण्यात यायला हवा. जास्त झालं तर काय, ही भीती इथे नको. औषधातलं रेटिनॉल प्रमाणाबाहेर गेलं तर बाधतं, गरोदरपणात तर विशेष जपावं लागतं. अन्नातल्या बीटा कॅरोटीनचं रेटिनॉल शरीर गरजेपुरतंच करतं. फार खाल्लं तर तळहात पिवळसर दिसतील, एवढंच.

मोझांबिक आणि युगांडात या रताळ्याचे वेल हजारो कुटुंबांपर्यंत पोचवले गेले. मुलांच्या आहारातलं अ जीवनसत्त्व वाढलं आणि मोझांबिकात पाच वर्षांखालच्या मुलांची हगवणही कमी झाल्याचं आढळलं. तिथेही लोकांना आधी पांढरं, पिठूळ रताळंच आवडायचं. नारिंगी रताळं पाणचट लागतं अशी तक्रार होती, म्हणून पैदासकारांना त्यातला घट्ट गर वाढवावा लागला. दुष्काळात वेल तग धरीनात, म्हणून मारिया आंद्रादे यांनी २०११ साली मोझांबिकमध्ये पाण्याचा ताण सोसणारी पंधरा वाणं दिली. प्रचारासाठी गाड्या, बाजारातले गाळे, कपडे सगळं नारिंगी रंगवलं. आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि जैवसंपृक्त पिकांची चळवळ उभी करणारे हॉवर्ड बूइस यांना २०१६ सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मग हे रताळं आपल्या पेठेत का नाही? 'भू सोना'ची शिफारस ओडिशासाठी आहे. आपल्या माळरानावर, चुनखडीच्या जमिनीत ते कसं येतं हे आधी छोट्या प्लॉटवर पाहायला हवं. रताळ्याला बी पेरत नाहीत, वेलाचे तुकडे लावतात. त्यामुळे बियाण्याच्या दुकानात ते पाकिटातून मिळत नाही आणि कंपन्यांनाही त्यात फारसा रस नसतो. ज्याच्याकडे वेल आहे त्याच्याकडूनच तो पुढे जातो. जत-माणमध्ये तर उन्हाळ्यात वेल जगवायलाच पाणी नसतं. आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखात यावर एक तोड निघाली आहे, ती आपल्याकडेही करून पाहता येईल. काढणीच्या वेळी निरोगी, लहान कंद निवडायचे. बादलीत किंवा टोपलीत कोरड्या वाळूच्या थरांत ते घरात, सावलीत ठेवायचे. पावसाच्या सहा-आठ आठवडे आधी ते न्हाणीच्या सांडपाण्याजवळ छोट्या वाफ्यात पुरून पाणी द्यायचं. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत लावणीपुरते वेल तयार होतात.

लावण सरीच्या वरंब्यावर करायची, कंद साधारण चार महिन्यांत काढणीला येतात. पाण्याचा ताण पडून वरंबा भेगाळला की त्या भेगांतून सोंडा भुंगा कंदापर्यंत पोचतो आणि रताळं कडू होतं, म्हणून मधे एकदा मातीची भर द्यायलाच हवी.

कसबे डिग्रजला हळदीवर वर्षानुवर्षं संशोधन चाललंय, त्यातून वाणं निघाली, भागाचं अर्थकारण बदललं. तसा एखादा कोपरा नारिंगी रताळ्याला मिळावा, अशी माझी मागणी आहे. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी चार वाणं शेजारी शेजारी लावून पाहायला फार जागा लागत नाही. वेल तयार झाले की ते अंगणवाडीच्या परसबागेत आणि बचत गटांकडे द्यावेत. आईनं मुलाला घरी न्यायला आल्यावर दोन हात वेल बरोबर न्यावेत आणि न्हाणीच्या पाण्यावर लावावेत.

तोवर ज्यांच्याकडे मका आहे त्यांनी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) 'पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित'ची मागणी नोंदवावी. बियाणं मागितल्याशिवाय येत नाही. आणि दुकानदारानं नुसता पिवळा दाणा दाखवून तेच हे म्हणून सांगितलं, तर पिशवीवरचं वाणाचं पूर्ण नाव वाचून घ्यावं.